रात्रीचं कार्गो की दिवसाचं एटीआर? सही करण्याआधी काय तपासायचं

मागच्या महिन्यात साखर पेठेतल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी घरी आली. हातात कोरं करकरीत कमर्शियल पायलट लायसन्स, लॉगबुकात उड्डाणाचे २१२ तास आणि फोनमध्ये दोन ऑफर. एक रात्री माल वाहणाऱ्या कंपनीची, बोईंग ७३७ वर. दुसरी एटीआर, म्हणजे पंख्याचं लहान प्रवासी विमान, उडवणाऱ्या प्रादेशिक कंपनीची. हल्ली लायसन्स घेऊन दोन-दोन वर्षं घरी बसलेली मुलं मला माहीत आहेत, आणि हिला दोन ऑफर. तरी चेहरा रडवेला. "अक्का, जेट सोडलं तर सगळे वेडी म्हणतील. आणि घरी म्हणतात, रात्रीचं काम नको."

मी सहा वर्षं रात्रीचं कार्गो उडवलं आणि आता पाच वर्षं एटीआरवर आहे. त्या संध्याकाळी तिला जे सांगितलं तेच इथे नीट लिहिते, कारण सोलापुरातून असे फोन आता वरचेवर येतात. माझं म्हणणं एकच आहे. जेट की पंख्याचं विमान, पगार किती, नातेवाईक काय म्हणतील, यावर हा निर्णय घेऊ नका. तुमचं शरीर दिवसा झोपतं का आणि तुमचं घर तुम्हाला दिवसा झोपू देतं का, हे आधी तपासा. बाकीचा हिशेब त्यानंतर.

नान्नांची रात्रपाळी

आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वडिलांना आम्ही नान्ना म्हणतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं रात्रपाळी केली. सकाळी साडेसातला सायकल भिंतीला टेकायची तेव्हा भुवयांवर कापसाचे तंतू तसेच असायचे. अम्माने त्यांच्या खोलीच्या खिडकीला दोन जुन्या सोलापुरी चादरी एकावर एक ठोकल्या होत्या. दुपारी एकपर्यंत कुकर लावायचा नाही, दूधवाल्याने कडी वाजवायची नाही, आम्ही बहिणींनी शाळेतून आल्यावर मागच्या दाराने यायचं. शेजारच्या घरात चार माग दिवसभर खडखडत असत, त्याचा नान्नांना काही त्रास नव्हता. वीज गेली आणि माग थांबले की मात्र ते दचकून उठून बसायचे.

हे मला कार्गोत गेल्यावर कळलं. झोप मोडते ती आवाजाने नाही, आवाजातल्या बदलाने. म्हणून मी सहा वर्षं दिवसा झोपताना मोठा टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून पूर्ण वेगात लावत असे. त्या घरघरीत बाहेरचा हॉर्न, लिफ्टचं दार, फेरीवाल्याची हाक बुडून जाते. खिडकीला काळं जाड कापड, आणि दाराच्या फटीत टॉवेल. सकाळी ड्युटीवरून घरी येतानाच गडद गॉगल लावायचा. डोळ्यांत ऊन गेलं की शरीराला वाटतं दिवस सुरू झाला, मग अंथरुणावर पडून नुसतं छताकडे बघत राहावं लागतं.

तर सही करण्याआधी पंधरा दिवस स्वतःची परीक्षा घ्या. तीन रात्री जागायचं, दोन रात्री झोपायचं, अशा तीन फेऱ्या. जागायचं म्हणजे मोबाईल बघत नाही. रात्री दहाला टेबलाशी बसा, एअर रेग्युलेशन्स वाचा, मेटिऑरॉलॉजीचे जुने पेपर सोडवा. पहाटे साडेतीनला घड्याळ लावून नेव्हिगेशनची दहा गणितं करा: वाऱ्याचा त्रिकोण, इंधनाचा हिशेब, उतरायला कधी सुरुवात करायची ते. लागलेला वेळ आणि चुका वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तशीच दहा गणितं पुन्हा करा. सकाळी आठच्या आत आडवे व्हा आणि प्रत्यक्ष किती झोप लागली ते लिहा. पडून किती वेळ होतात ते लिहू नका.

मी लावते ती कसोटी अशी: तिसऱ्या फेरीतसुद्धा दिवसाची झोप पाच तासांच्या वर जात नसेल, तर कार्गो घेऊ नका. रात्री दोन ते सहा या वेळात शरीराचं तापमान, लक्ष, हातांचा वेग सगळं खाली जातं. हे सगळ्यांचंच होतं, कितीही सवय झाली तरी होतं. फरक एवढाच की काही जणांना दिवसा ते भरून काढता येतं आणि काही जणांना येत नाही. ज्यांना येत नाही ते कमी दर्जाचे पायलट नसतात.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. कार्गोतलं दुसरं वर्ष. वरच्या मजल्यावर फरशा बदलायचं काम निघालं होतं आणि मी सलग तीन दिवस जेमतेम तीन-तीन तास झोपले होते. चौथ्या रात्री, पहाटे साडेचारच्या सुमारास, खाली उतरताना एटीसीने, म्हणजे जमिनीवरच्या हवाई नियंत्रकाने, लेव्हल ११० दिली, म्हणजे साधारण अकरा हजार फूट. मी रेडिओवर बरोबर ११० परत सांगितलं आणि बोटांनी उंची लावायच्या आकड्यांच्या खिडकीत १०० फिरवलं. कॅप्टननी न बोलता माझ्या हाताखालून नॉब ११० वर आणला आणि बोटाने आकड्याकडे दाखवलं. तोंडाने बरोबर आणि हाताने चूक. आपण थकलोय हे आपल्याला कळत नाही ते असं. त्या दिवशी ड्युटीआधी मी फोन करून "आज मी फिट नाही" असं सांगायला हवं होतं. मला भीती वाटली होती की रोस्टरवाले नाव लिहून ठेवतील. पुढे एकदा तसा फोन केला तेव्हा पलीकडचे गृहस्थ नाराज झाले, पण त्यापलीकडे काही झालं नाही.

कार्गोची रात्र

पार्सल दिवसभर गोळा होतं, रात्री उडतं आणि सकाळी वाटायला निघतं. म्हणून देशांतर्गत कुरिअरची विमानं मुंबई, दिल्ली, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, अहमदाबाद अशा मोठ्या शहरांमध्ये रात्रीच फिरतात. तुमचा बेस, म्हणजे जिथून तुमची ड्युटी सुरू होते ते शहर, हाही त्यांपैकीच एक असणार. साधारण साडेदहाला रिपोर्टिंग, ब्रेथ ॲनलायझर, हवामान, इंधन. मग विमानापाशी. केबिन क्रू नाही, प्रवासी नाहीत, घोषणा नाहीत. आत नुसत्या ओळीने लावलेल्या पेट्या, जाळ्या आणि कुलपं. ट्रकांना उशीर झाला की तुम्ही अंधारात वाट बघत बसता. सगळं वजन एकदम आलं की लोडशीट, म्हणजे कुठे किती वजन आहे त्याचा कागद, शेवटच्या दहा मिनिटांत हातात पडते. ती घाईत वाचायची नाही. मालाच्या विमानात गुरुत्वमध्य एका पॅलेटच्या अदलाबदलीनेही सरकतो.

धोकादायक मालाची चिठ्ठी कॅप्टनकडे येते, ती फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकानेही वाचायची. लिथियम बॅटऱ्या कुठे आहेत, किती आहेत, हे पाठ पाहिजे. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या यूपीएस या अमेरिकी कुरिअर कंपनीच्या ७४७ मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्यांच्या मालाला आग लागली आणि दोन्ही पायलट गेले. मालवाहू विमानाच्या मुख्य डेकवर सहसा आग विझवणारा वायू सोडायची सोय नसते. हवेचा पुरवठा बंद करून, केबिनमधला दाब सोडून देऊन आगीचा श्वास कोंडायचा आणि जवळच्या धावपट्टीकडे उतरायचं, ही पद्धत. सिम्युलेटरमध्ये धुराचा सराव आला की ऑक्सिजन मास्क चढवायची सवय इतकी घोटा की हात आपोआप गेला पाहिजे.

रात्रीचं सौंदर्यही आहे. दोन वाजता, दख्खनच्या पठारावर आकाश स्वच्छ असलं की खाली गावांचे दिवे आणि वर तारे यांत फरक राहत नाही. रेडिओ शांत असतो, एटीसी थेट मार्ग देते. एकदा मागे एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांचे खोके होते. उड्डाणाआधी इंजिनं बंद असताना सगळा डेक चिवचिवत होता.

पण उतरताना जपा. शहराबाहेरची धावपट्टी, पुढे काळी शेतं, फक्त धावपट्टीचे दिवे दिसतात. अशा वेळी डोळे फसवतात. आपण उंच आहोत असं वाटतं आणि नकळत विमान खाली ढकललं जातं. मी आजही बोटांवर मोजते: धावपट्टीपासून पाच सागरी मैलांवर पंधराशे फूट, तीनवर नऊशे. मैल गुणिले तीन, वर दोन शून्यं. धावपट्टीशेजारी उतरण्याचा कोन दाखवणारे चार दिवे असतात, त्यांना पापी (PAPI) म्हणतात: दोन पांढरे, दोन लाल दिसले पाहिजेत. तिसरा लाल झाला की डोळ्यांचं ऐकायचं नाही, आकड्यांचं ऐकायचं. १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे अमेरिकेत बर्मिंगहॅमला यूपीएसचं ए-३०० धावपट्टीच्या अलीकडेच टेकडीवर आदळलं. तपासाच्या निष्कर्षांत थकव्याचाही उल्लेख आहे.

जेवणाचं थोडक्यात. रात्री नऊला घरून पोटभर पण बिनतेलाचं खा. विमानात मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेत असे. सांडत नाही, नासत नाही, पोटात जड होत नाही. चहा-कॉफी पहिल्या निम्म्या रात्रीत. तीननंतर घेतलीत तर सकाळी अंथरुणात पश्चात्ताप होतो. ड्युटीच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास दीड तास झोप हा नेमच ठेवा. झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याची औषधं स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका. ड्युटीआधी बारा तास मद्य वर्ज्य आहे हे सगळ्यांना पाठ असतं, पण सिरपमधलं अल्कोहोल विसरलं जातं.

एटीआरचा दिवस

आपल्या होटगी रोडच्या विमानतळावर ९ जून २०२५ पासून गोव्याचं विमान सुरू झालं ते एटीआर ७२-६००. सत्तर-बहात्तर प्रवासी, दोन टर्बोप्रॉप इंजिनं. याची कमाल उंची २५,००० फूट. इथेच खरा फरक आहे. जेट ढगांच्या डोक्यावरून बऱ्याचदा निघून जातं, एटीआरला ढगांच्या अंगणातूनच वाट काढावी लागते. जूनमध्ये किनाऱ्यावरून निघालं की घाटावर काळी भिंत, रडारवर लाल-पिवळे ठिपके, विमान हिंदकळतं, मागे कुणीतरी उलटीची पिशवी मागतं. घाट ओलांडून आपल्या दुष्काळी पट्ट्यात आलं की आकाश कोरडं, धूळ आणि आडवा वारा. एका तासात दोन ऋतू. हवामान वाचायला एटीआरवर जितकं शिकले तितकं कार्गोच्या सहा वर्षांत शिकले नव्हते.

दिवसाला चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, कधी सहा. प्रत्येक ठिकाणी पंचवीस-तीस मिनिटांत प्रवासी उतरवा, चढवा, इंधन, लोडशीट, निघा. पहिल्या सेक्टरला उशीर झाला की तो शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. लहान विमानतळांवर सगळीकडे आयएलएस, म्हणजे धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा, नसतं, धावपट्टी आखूड असते, आजूबाजूला काय उभं आहे ते माहीत असावं लागतं. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पडली, तोवर ती विमानांच्या वाटेत आहे की नाही यावर शहराने वर्षानुवर्षं वाद ऐकला. मे महिन्यात पारा ४३ वर गेला की तापलेली हवा पातळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनाचा जोरही घटतो. मग आखूड धावपट्टीवरून निघताना वजन कमी करावं लागतं. सामान मागे राहिलेल्या प्रवाशाला ते समजावणं हेही तुमच्या दिवसाचाच भाग.

थकवा इथेही आहे, फक्त त्याची जात वेगळी. कार्गोत झोप कमी पडते, एटीआरवर माणूस दिवसभर पिळून निघतो. पहाटे पाचच्या रिपोर्टिंगसाठी तीनला उठावं लागतं, तेही आठवड्यातून तीन-चारदा. पण रात्री स्वतःच्या अंथरुणात, अंधारात झोप मिळते. मला पाच वर्षांत याची किंमत कळली.

एक गैरसमज मात्र काढून टाका. विमान सोलापूरला येतं म्हणजे पायलट सोलापुरात राहतो असं नाही. मुंबईचं विमान १५ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालं तेव्हा माझ्या मावशीने फोन केला, "आता घरी राहून नोकरी कर." बेस कंपनी ठरवते, आणि तो दुसऱ्याच शहरात असतो.

लॉगबुकाचा हिशेब

माझ्या स्वतःच्या वहीतून सांगते. कार्गोत एका रात्री दोन सेक्टर, मिळून साधारण चार तास आणि दोन लँडिंग, त्यातलं एक माझ्या वाट्याला. एटीआरवर चार सेक्टर, तेवढेच चार तास, पण चार लँडिंग, त्यातली दोन माझी. महिन्याला पंधरा ड्युट्या धरल्या तर तास सारखेच, हात मात्र एटीआरवर दुप्पट बसतो. पहिल्या दोन वर्षांत हाताला वळण लागतं, म्हणून ज्याच्या लॉगबुकात जेमतेम दोनशे तास आहेत त्याच्यासाठी हे मोठं आहे.

उलट बाजूही बघा. कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे वरच्या दर्जाचं पायलट लायसन्स, लागतं. त्यासाठी १,५०० तास, आणि त्यांत रात्रीचे १०० असावे लागतात. कार्गोत रात्रीचे शंभर तास दोन महिन्यांत पुरे होतात. दिवसाउजेडीच चालणाऱ्या लहान विमानतळांच्या फेऱ्या मिळाल्या तर तेच शंभर तास गोळा करताना दमछाक होते. प्रादेशिक कंपनीला मुलाखतीतच विचारा: वर्षाला रात्रीचे तास साधारण किती मिळतात?

शिवाय जेटचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायचा परवाना, पुढे मोठ्या कंपन्यांत कामाला येतं. ७३७ चालवलेल्याला ७३७ च्या प्रवासी कंपनीत जाणं सोपं, एटीआरवाल्याला नवं रेटिंग घ्यावं लागतं. खरं आहे हे. पण थकून, आजारी पडून, मेडिकलमध्ये अडकून दोन वर्षांत बाहेर पडलात तर ते रेटिंग कागदावर राहतं.

अमेरिकेतला सल्ला जपून घ्या

इंटरनेटवर या विषयाचं जे सापडतं ते बहुतेक तिकडचं. तिथे लहान सेस्ना कॅरव्हॅन घेऊन एकटा पायलट रात्री पार्सल नेतो, तास वाढवतो आणि मग रिजनल एअरलाइनकडे जातो. आपल्याकडे नवशिक्याला एकट्याने रात्री माल उडवायची तशी वाट जवळपास नाहीच. इथे पहिल्या दिवसापासून दोन पायलटांचं विमान आणि शेजारी कॅप्टन. तिकडे २०१४ पासून लागू झालेल्या विश्रांतीच्या नव्या नियमांतून मालवाहू कंपन्या वगळल्या गेल्या, तोही वाद इथे जसाच्या तसा लावू नका.

आपले नियम वेगळे आहेत आणि ते बदलत आहेत. डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, जानेवारी २०२४ मध्ये सुधारलेले नियम २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांनी आले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्र म्हणजे मध्यरात्र ते पहाटे ५ होती, ती ६ पर्यंत लांबली. रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर उड्डाणं रद्द झाली तेव्हा यांतल्या काही गोष्टींना तात्पुरती सूट मिळाली. म्हणून कंपनीला सरळ विचारा: आज तुमच्या पायलटांना कुठली मंजूर योजना लागू आहे, सलग किती रात्री लावता, आणि थकव्याचा रिपोर्ट दिला तर पुढे काय होतं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो ते बघा.

अमेरिकेतली एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला सांगते. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं प्रादेशिक टर्बोप्रॉप पडलं, पन्नास माणसं गेली. फर्स्ट ऑफिसर देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून ड्युटीवर आली होती आणि कॅप्टनने आदली रात्र विमानतळावरच्या क्रूरूममध्ये काढली होती. अपघाताचं मुख्य कारण विमान हाताळण्यातली चूक होती, पण दोघांच्या थकव्याचाही प्रश्न तपासात आला. आता स्वतःकडे बघा. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबईत उतरायचं आणि त्याच दिवशी ड्युटी करायची, हा मोह प्रत्येक सोलापूरकराला होतो. मलाही झाला होता. गड्ड्याची जत्रा असो की घरचं लग्न, ड्युटीच्या आधीची पूर्ण रात्र बेसच्या गावातच झोपायचं. एक दिवस सुट्टी वाया गेली असं वाटलं तरी चालेल.

कागद आणि पैसे

जे अजून बारावीत आहेत त्यांच्यासाठी आधी एक वाक्य: फीचा एक रुपया भरण्याआधी मेडिकल करा, आधी क्लास टूची तपासणी आणि लगोलग त्याहून कडक क्लास वनची. रंगांधळेपणा किंवा हृदयाचा दोष शेत विकल्यानंतर कळलेली घरं मी पाहिली आहेत. फ्लाइंग स्कूल निवडताना विमानं किती आहेत ते विचारू नका, आज उडण्याजोगी किती आहेत आणि विद्यार्थी किती आहेत ते विचारा, हँगरमध्ये जाऊन स्वतः मोजा. माझे दोनशे तास पुरे व्हायला एकतीस महिने लागले, कारण अर्धी विमानं सुट्या भागांसाठी उभी होती आणि हप्ता मात्र सुरू होता.

नोकरीच्या कागदात तीन गोष्टी बघा. टाइप रेटिंगचा बाँड, म्हणजे मधेच सोडलं तर पैसे भरायचा करार, किती वर्षांचा आणि किती रकमेचा, आणि कंपनीनेच काढून टाकलं किंवा कंपनीच बंद पडली तर त्याचं काय. पगारात हमीचे तास किती. महिन्यात उड्डाण कमी झालं तरी तेवढे पैसे मिळायला हवेत. आणि बेस बदलायचा हक्क कुणाचा. आपल्याकडे लहान विमान कंपन्या उघडतात तशा मिटतातही. माझ्या ओळखीच्या एकीला पाच महिने पगार मिळाला नव्हता आणि बाँडमुळे सोडताही येत नव्हतं. मालाच्या कंपनीचं गिऱ्हाईक वेगळं असतं. तिकीट स्वस्त-महाग झालं म्हणून औषधं आणि पार्सलं थांबत नाहीत. पगाराच्या खात्रीबाबत माझा कौल कार्गोकडे आहे. सुरुवातीच्या पगारात जो काही फरक असेल तो दोन-तीन वर्षांत मिटतो, त्यावर वेळ घालवू नका.

एकदा निवडलं की कायमचं अडकलो असंही नाही, पण बाहेर पडायला वेळ लागतो. २०१७ पासून डीजीसीएच्या नियमाने फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस द्यावी लागते. म्हणून बदलायचं मनात आलं त्याच आठवड्यात एटीपीएलचे पेपर, मेडिकलची तारीख आणि लॉगबुकावरच्या सह्या या तीन गोष्टी सरळ करून ठेवा. मी माझ्या नोटिशीच्या सहा महिन्यांत दोन पेपर काढले आणि जुन्या लॉगबुकातल्या चार पानांवर राहिलेल्या सह्यांसाठी तीन शहरं फिरले. तो वेळ वाचला असता.

त्या मुलीने पंधरा दिवस वही लिहिली. परवा घेऊन आली. दुपारच्या दहा गणितांत एखादी चूक, पहाटेच्या दहांत चार-पाच. तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या दिवशी झोप ३ तास ४० मिनिटं, तीही त्यांच्या वाड्यातल्या सगळ्यात थंड खोलीत. तिने कार्गोच्या कंपनीला नम्रपणे नाही कळवलं आणि १,५०० तासांनंतर पुन्हा अर्ज करता येईल का तेही विचारलं. त्यांनी हो म्हटलं. सोमवारपासून एटीआरचे ग्राउंड क्लास आहेत. तिला म्हटलं, बेसच्या गावात खोली बघशील तेव्हा दुपारी बघ, रस्त्याकडची खिडकी उघड आणि दहा मिनिटं आवाज ऐकत उभी राहा, मगच डिपॉझिट दे.